महागूनं ठोकलेले खिळे

महागू गजभियेकडे पेटी बनवायला कुणी सामान घेऊन आलं, की तो आधी लाकडाकडे बघत नाही आणि टेपही काढत नाही. सामान जमिनीवर ठेवायला सांगतो, त्याच्यासमोर उकिडवा बसतो आणि मालकाला विचारतो, "याले दुखते कुठं?" नवखा माणूस चक्रावतो. पाण्याच्या मोटारीला काय दुखणार? पण महागू थट्टा करत नसतो. कोणता भाग मार खाऊ शकतो आणि कोणता जराही धक्का सोसत नाही, हे कळल्याशिवाय तो करवतीला हात लावत नाही. बालाघाटात गोंदिया रोडच्या बाजूला, पत्र्याच्या छपराखाली, गेली अडतीस वर्षं त्याचं हे चाललं आहे. त्याची बायको रुख्माबाई त्याला कधी कधी 'पेटीवाले डाक्टर' म्हणते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे महागूला अजून उमगलेलं नाही.

माणूस धंद्याला कच्चाच. कुणी कपड्यांसाठी पेटी मागितली तर तो सरळ परत पाठवतो. "कपडे पोत्यात जाते ना बापा, लाकूड काहून वाया घालवता?" पुस्तकं असली तर जाड पुठ्ठ्याचं खोकं घ्या म्हणतो. पण जड वस्तू नाजूक असली, लांब जायची असली, वाटेत चार वेळा चढवायची-उतरवायची असली, तर मग महागू खोक्याचं नावही काढू देत नाही. मग तो खालच्या दांड्यांना साजाचं कठीण लाकूड घेतो, कारण सगळा भार त्यांच्यावर. बाजूंना हलक्या सेमरच्या फळ्या. ओल्या लाकडाला तो शिवतही नाही. ओलं लाकूड वाटेत सुकतं, आकसतं, आणि खिळे ढिले पडतात. भरवेलीच्या खाणीकडचे पंप, दवाखान्यांच्या मशिनी, देवळाची घंटा, एका म्हाताऱ्या शिक्षकाची दुर्बीण, असं काय काय त्याच्या पेट्यांतून नागपूर, जबलपूर, रायपूरला गेलं आहे.

गेलं आहे, एवढंच त्याला माहीत. या अडतीस वर्षांत महागूनं आपली एकही पेटी उघडताना पाहिलेली नाही. ट्रकवर चढली, दोर आवळला गेला, की त्याचं तिच्याशी नातं संपलं. माल नीट पोचला तर कुणी फोन करत नाही. फोन येतो तो फुटल्यावर. म्हणून फोन न येणं हीच महागूची शाबासकी.

पेटीच्या आतलं काम रुख्माबाईचं. जुन्या सुती लुगड्यांच्या उश्या शिवायच्या, त्यात धानाचं तणस भरायचं आणि वस्तूच्या अंगाभोवती खोवायच्या. एके वर्षी तणसात लोंब्या राहून गेल्या होत्या. ट्रान्सपोर्टच्या गोदामात उंदरांना वास लागला आणि भजनमंडळाच्या हार्मोनियममध्ये त्यांनी संसार थाटला. तेव्हापासून रुख्माबाई तणसाची एकेक पेंढी अंगणात आपटून, झटकून, वर हात फिरवून पाहते. महागूनं उंदरांचा विषय काढला, की ती त्या दिवशी चहात साखर घालत नाही.

मागच्या जानेवारीत गीता मेश्राम त्यांच्या छपराखाली आली. गीता त्यांच्याच वॉर्डातली पोरगी, महागूच्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झालेली. नर्स होऊन ती बिरशा गावाच्या पुढं, जंगलातल्या एका लहान दवाखान्यात लागली होती. एक उंच मशीन तिनं टेम्पोतून उतरवून घेतलं. चाकांवर उभं, खाली लहानसा पलंग, पलंगाला चारी बाजूंनी काचेसारख्या पट्ट्या, आणि वर डोक्यावर दिवा असावा तशी तापणारी दांडी.

"जयभीम काका. हे लेकरांले गरम ठेवाची मशीन आहे," गीता म्हणाली. "कमी वजनाचं लेकरू जन्मलं का याच्यात ठेवा लागते. दोन वर्षाआधी दुरुस्तीले नागपूरले धाडली, येताना खोक्यात आली. घाटात गाडीनं असे धक्के खाल्ले का वरची दांडीच फुटली. पुन्हा दुरुस्तीले धाडली, आता कुठं आली. दोन थंड्या बिनमशीनच्या गेल्या काका."

"मंग त्या दोन थंड्यांत?"

गीतानं मशीनच्या पट्टीवरची धूळ बोटानं पुसली. "काही वाचले," ती म्हणाली. "सगळे नाई."

महागू मशीनसमोर बसला. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, आणि गीतानं हसू न येऊ देता उत्तर दिलं. दुखतं वरच्या दांडीला, बाजूच्या पट्ट्यांना आणि चाकांना. तणस नको, ती म्हणाली, लेकरं झोपायची जागा आहे. रुख्माबाईनं मान हलवली आणि ट्रंकेतून धुतलेली लुगडी काढून कापसाच्या उश्या शिवायला घेतल्या.

ती पेटी बनवायला महागूला तीन दिवस लागले. भार चाकांवर पडू नये म्हणून त्यानं मशीनखाली साजाचे चार गुटके, म्हणजे ठोकळे, बसवले. वरच्या दांडीभोवती वेगळी चौकट उभी केली. तिथपर्यंत सगळं रीतसर होतं. चूक झाली ती पुढची बाजू बंद करताना.

एरवी महागू पुढच्या बाजूला फिरवून काढता येणारे सहा-आठ पेच लावतो आणि वर खडूनं बाण काढतो, म्हणजे उघडणाऱ्याला कळावं. यावेळी त्याच्या मनात घाट बसला होता. ती वळणं, ते खड्डे, फुटलेली दांडी, आणि गीतानं बोटानं पुसलेली धूळ. त्यानं पेच बाजूला ठेवले आणि तीन इंची खिळे घेतले. दर दोन बोटांवर एक. मग एक या बाजूला तिरपा, एक त्या बाजूला तिरपा, म्हणजे फळी कशीही ओढली तरी सुटू नये. मग खिळ्यांची डोकी ठोकून ठोकून लाकडात खोल बसवली. कोपऱ्यांवर लोखंडी पट्ट्या मारल्या. तरी समाधान होईना, म्हणून आणखी खिळे.

रुख्माबाई दाराशी उभी राहून पाहत होती. "अजी, आयकता काजी? उघडनाऱ्यानं काय दातानं उघडाची का ते?"

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

"मले एवढंच समजते का तिकडे कोनी तरी उघडनार आहे."

"पोचली तं उघडतीन," महागू म्हणाला आणि पुढचा खिळा तोंडातून काढला.

बुधवारी पेटी पिकअपवर चढली. पोचली ती ठणठणीत. घाटानं तिचं काही वाकडं केलं नाही. तिचं कुणालाच काही वाकडं करता येत नव्हतं, हीच पुढं पंचाईत झाली.

शुक्रवारी सकाळी सहाला गीताचा फोन आला. महागू चुलीपाशी दात घासत होता.

"काका, पेटी उघडून नाई राह्यली जी! नथ्थूनं काल सब्बल लावली, तं पूरी पेटीच हलते. आत काही तरी कडकन वाजलं. मंग म्या कोनाले हात लावू नाई देल्ला."

"सुतार नाई का तिकडे?"

"पोरीच्या गावाले गेला. अन् काका, रात्री एक पोरगी आली, राखी नावाची. आठवा महिना, कळा सुरू आहे. गाडी दुसऱ्या पेशंटले घेऊन बालाघाटले गेली, अन् आता हिले हलवताच येत नाई. लेकरू लहान होनार. आज मशीन पाह्यजे काका."

महागूनं फोनवरूनच सांगायचा प्रयत्न केला. वरून तिसरी फळी, उजवीकडून, पटाशीनं खिळ्याचं डोकं मोकळं करायचं, आधी खालची पट्टी. नथ्थू म्हणजे दवाखान्याचा वरकाम्या, कालची सब्बल म्हणजे पहार लावणारा. तो पलीकडून "कौन सी पट्टी, काका?" विचारत होता आणि टॉवर मधूनमधून जात होता. तेवढ्यात पुन्हा काहीतरी कडकडलं.

"हात लावू नका," महागू ओरडला. "मी येऊन राह्यलो."

त्यानं पिशवीत पटाशी, जंबूर, हातोडी आणि लहान पहार टाकली. वळून पाहतो तो रुख्माबाई चप्पल घालून तयार. तिच्या काखेत गाठोडं होतं.

"तू कुठं?"

"तुमच्या संगं. काहून, बसमंदी बायका बसत नाई का?"

साडेसहाच्या बसला खिडकीशेजारी जागा मिळाली. बैहरच्या वाटेवर धुकं होतं आणि साल वृक्षांची खोडं तेवढी दिसत होती. महागूनं पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. बायकोचं ऐकलं नाही याची चुटपुट होती, आणि ते कबूल करण्याइतका तो अजून मऊ झाला नव्हता.

घाट सुरू झाला. बस वळणावर कलली आणि रुख्माबाईचं अंग त्याच्यावर आलं. तशीच टेकून ती म्हणाली, "संध्या आठोते का? कोंबडीच्या पिल्लाएवढी होती."

आठवत नसणार कसं? संध्या, त्यांची एकुलती एक लेक, अशाच जानेवारीत, अशीच महिनाभर आधी जन्मली होती. तेव्हा मशीन वगैरे काही कुणाला माहीत नव्हतं. सुईण म्हणाली होती, आता तिच्या नशिबाचं. रुख्माबाईनं तिला पोलक्याच्या आत, उघड्या अंगाला लावून ठेवलं आणि पावणेदोन महिने खाली उतरवलं नाही म्हटलं तरी चालेल. ती अंघोळीला जाई तेवढ्यापुरती पोर महागूनं बनवलेल्या पेटीत निजायची. खाणीच्या कुठल्याशा भागासाठी केलेली पेटी होती, ऑर्डर रद्द झालेली. तिच्यावर काळ्या रंगात 'जपून उतरवा' असं लिहिलेलं होतं आणि आत ही एवढीशी पोर. येणारे-जाणारे हसायचे. आज संध्या नागपुरात नोकरी करते, आईला फोनवर रागावते, आणि तिची स्वतःची पोरगी शाळेत जाते.

"म्या भेलो होतो वो," महागू खिडकीबाहेर बघत म्हणाला. "म्हणून ठोकले इतके."

"मले ठाऊक आहे," रुख्माबाई म्हणाली. तिनं गाठोड्यातून भाकरीचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो खाल्ला.

बिरशाच्या स्टँडवर नथ्थू मोटरसायकल घेऊन उभा होता. वीस-बावीस वर्षांचा, ओशाळलेला. कालचा सब्बलचा पराक्रम त्याच्या तोंडावर दिसत होता. तिघं एका गाडीवर बसले, मधे महागू, त्याच्या मांडीवर अवजारांची पिशवी, आणि मागं एका अंगाला बसलेली रुख्माबाई. बिरशाच्या बाजारातले लोक वळून पाहत होते. दवाखान्यात पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

दवाखाना म्हणजे तीन खोल्या आणि एक वऱ्हांडा. वऱ्हांड्यात महागूची पेटी उभी होती. आपली पेटी प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे, हे महागू आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता. एरवी त्याला केवढं कौतुक वाटलं असतं. एका फळीला चीर गेली होती, बाकी ती जशीच्या तशी होती. अगदी जशीच्या तशी.

गीता आतून आली. तिच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि चेहरा असा की तिला जयभीम घालायचंही सुचलं नाही.

"झालं लेकरू," ती म्हणाली. "वीस मिनिटं झाले. पोरगी आहे. दीड किलो."

महागूनं त्या कापडाकडे पाहिलं. आत एक लालसर, सुरकुतलेलं तोंड होतं, मुठीएवढं. रडत होतं, पण आवाज मांजराच्या पिल्लासारखा.

"आईच्या अंगावर ठेवाले पाह्यजे," गीता भरभर बोलत होती, "पन तिचं रक्त थांबून नाई राह्यलं, मले तिच्यापाशी पाह्यजे. सासूले खोकला आहे, तिले मी जवळ येऊ देत नाई. नवरा हैद्राबादहून निघाला. दुसरी सिस्टर सुट्टीवर आहे. अन् याचे हात-पाय थंडे पडून राह्यले काका."

रुख्माबाईनं गाठोडं खाली ठेवलं. "हात कुठं धुवाचे?"

गीतानं तिच्याकडे पाहिलं. एक क्षणभरच. मग तिनं साबण दाखवला. रुख्माबाईनं कोपरापर्यंत हात धुतले, आतल्या खोलीतल्या खाटेवर भिंतीला टेकून बसली, पोलक्याची बटणं सोडली आणि हात पुढं केले. गीतानं बाळाच्या डोक्याला टोपी घातली, ते उघड्या छातीशी उभं लावलं, मान जराशी वळवून दिली, आणि वरून लुगडं व कांबळं पांघरलं. "नाक मोकळं ठेवा काकू."

"मले शिकवू नोको, माय. तू तिच्याकडे जाय."

गीता पडद्याआड राखीकडे गेली. महागू पेटीसमोर बसला.

आता काय सांगावं! माणूस दुसऱ्यानं ठोकलेले खिळे काढत असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. हा प्रत्येक खिळा त्याच्या स्वतःच्या हातचा होता. कुठं किती तिरपा ठोकला हे बोटांना आठवत होतं. डोकी इतकी खोल बसवलेली की जंबूरला पकडायला काही मिळेना. म्हणून आधी पटाशीनं डोक्याभोवतीचं लाकूड कोरायचं, मग जंबूरनं धरायचं, मग जरा हलवून, फळीला न हिसडता, त्याच्या तिरपेपणाच्या रेषेतच ओढायचं. हातोडी वापरायची सोय नव्हती. दर ठोक्याला आतली मशीन थरथरली असती. पहार घातली तर चौकट सरकून वरच्या दांडीवर आली असती. एक एक, हातानंच. नथ्थू लोखंडी डबा धरून शेजारी उभा होता आणि निघालेला खिळा त्यात टाकत होता.

"इतनी कीलें काहे को ठोकी, काका?" नथ्थूनं विचारलं. बिचारा खरंच विचारत होता.

"अक्कल कम थी," महागू म्हणाला.

दार उघडं होतं. तिथून त्याला खाटेवरची रुख्माबाई दिसत होती. ती हलत नव्हती. कांबळ्याच्या वरच्या कडेशी ती लहानशी टोपी आणि तिच्यावर रुख्माबाईची हनुवटी. ती काहीतरी गुणगुणत होती, पण ओठ हलतात न हलतात एवढंच. मधून मधून ती कांबळ्यात हात घालून बाळाची पावलं चाचपून बघे. महागू दर खिळ्यामागं एकदा तिच्याकडे बघे, आणि ती दर वेळी मान हलवी. अजून आहे. आता बरं आहे. तुम्ही काढा.

एक खिळा अर्ध्यात मोडला. महागूच्या कपाळावर जानेवारीत घाम आला. त्यानं पटाशी बदलली, मोडक्या खिळ्याच्या बाजूनं लाकूड पोखरलं, आणि अंगठ्याला पटाशी लागली तरी थांबला नाही. कोपऱ्याची पट्टी निघाली. दुसरी निघाली. वरची फळी सैल झाली, तेव्हा त्यानं नथ्थूला ती दोन्ही हातांनी धरायला सांगितलं, आणि खालचे शेवटचे चार खिळे बसून, मग आडवं पडून काढले. चौसष्ट वर्षांचा माणूस दवाखान्याच्या फरशीवर कुशीवर पडून आपलाच खिळा ओढत होता. पडद्याआडून राखीचं कण्हणं येत होतं, आणि गीताचा शांत आवाज, "बस, हो गया बेटा, रुक रहा है अब."

पुढची बाजू निघाली तेव्हा साडेबारा वाजले होते. आत लुगड्यांच्या उश्यांमधे मशीन उभी होती. दांडी शाबूत, पट्ट्या शाबूत. कडकडलं होतं ते नुसतं लाकूड. महागूनं वरची चौकट सोडवली, गुटके काढले, आणि नथ्थूनं व त्यानं मिळून मशीन खाली उतरवून आतल्या खोलीत नेली. गीता आली. तिनं सगळं पुसून घेतलं, वायर लावली, बटण दाबलं. वरची दांडी हळूहळू लाल झाली.

महागू तिथंच भिंतीला टेकून उभा राहिला. "गीता," तो म्हणाला, "चुकी माही आहे. भेवानं ठोकले म्या. दोन घंटे त्या लेकराचे म्या खाल्ले."

"काका, तुम्ही तशी नसती बांधली, तं फुटलेली मशीन आली असती."

"तशीबी नाई, अन् अशीबी नाई. मधली रीत मले येते. अडतीस वर्षापासून येते. तरी नाई केली." त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवलेही नाहीत.

पलंग तापला. गीता रुख्माबाईपाशी गेली. "काकू, द्या आता."

रुख्माबाईनं लगेच दिलं नाही. "पाय आत्ता गरम झाले वो," ती म्हणाली. "आनखी जरासं राहू दे."

"मशीन तयार आहे काकू."

"हौ, हौ. समजते मले." पण तिचे हात सुटेनात. मग तिनं बाळाच्या टोपीला नाक लावलं, एक लांब श्वास घेतला, आणि ते गीताच्या हातात दिलं. बाळ गेल्यावरही ती कांबळं छातीशी धरून तशीच बसली. महागू जवळ आला तेव्हा म्हणाली, "मले रडू येऊन राह्यलं जी. संध्या अंगाले लागे ना, तसंच लागलं." महागू तिच्या शेजारी खाटेवर बसला. त्यानं तिच्या पोलक्याची बटणं लावून दिली. त्याच्या अंगठ्याचं रक्त तिच्या पोलक्याला लागलं. ती रागावली नाही.

गीतानं बाळाच्या पोटावर एक बारीक वायर चिकटवली. मशीनवर बाळाच्या अंगाच्या तापमानाचे लाल आकडे उमटले. राखीचा रक्तस्राव आता थांबला होता. गीतानं आणि नथ्थूनं राखीची खाट त्याच खोलीत आणली. एकोणीस-वीस वर्षांची पोर, ओठ पांढरे पडलेले, कालपासून डोळ्याला डोळा नाही. तिला उठायची मनाई होती. मशीनचे आकडे दुसऱ्या बाजूला होते आणि पट्ट्यांतून तिला लेकीचं एक पाऊल तेवढं दिसत होतं.

"देख राखी," गीतानं तिला सांगितलं, "साढ़े छत्तीस तक आना चाहिए. आ गया तो चिंता नहीं." एवढ्यात बाहेर साप चावलेला माणूस आला म्हणून आरडाओरडा झाला आणि गीता तिकडे धावली. जाताना महागूला म्हणाली, "काका, नजर ठेवा. खाली गेला आकडा तं मले आवाज द्या."

महागूनं स्टूल ओढलं आणि मशीनसमोर बसला.

"बाबा," राखी खाटेवरून म्हणाली, "कितना हुआ?"

"पैंतीस पॉइंट चार, बेटा."

थोडा वेळ गेला. "अब?"

"पैंतीस पॉइंट सात."

रुख्माबाई राखीच्या उशाशी बसून तिच्या केसांतून हात फिरवत होती. राखीचे डोळे छताकडे होते. दर दोन-चार मिनिटांनी ती विचारी आणि महागू सांगे. छत्तीस. छत्तीस पॉइंट एक. एकदा आकडा पुन्हा छत्तीसवर आला. महागूनं आधी गीताला हाक मारली. तिनं येऊन वायर नीट चिकटवली आणि परत गेली, आकडा पुन्हा चढला. मग त्यानं राखीला सांगितलं. खोटं काहीच सांगितलं नाही, फक्त जरा उशिरा सांगितलं.

तीन वाजता नथ्थू दारात आला. "काका, बालाघाट वाली आखरी गाड़ी है. निकल जाएगी."

महागूनं मान वळवली नाही. "जाने दे."

"फिर सुबह ही मिलेगी."

"जाने दे बोला ना!"

रुख्माबाई खाटेवर जरा आत सरकून नीट बसली, बराच वेळ बसायचं असतं तशी.

छत्तीस पॉइंट तीन. बाळानं एक हात उघडला आणि मिटला. छत्तीस पॉइंट चार. मग आकडा तिथंच अडला. महागू त्याच्याकडे टक लावून बसला होता, खुरटी दाढी, लाकडाचा भुसा लागलेले केस, आणि अंगठ्याला गीतानं घाईत बांधलेली पट्टी. त्याच्या ओठांतून आवाज न करता शब्द निघत होते. चाल माय. चाल. जरासं.

आकडा बदलला.

"साढ़े छत्तीस," महागू म्हणाला. "साढ़े छत्तीस हो गया, बेटा."

राखीनं डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी कानाकडे ओघळलं आणि रुख्माबाईनं ते पदरानं टिपलं. श्वास दोन-तीनदा खोल गेला. झोप लागली असं वाटलं, तेवढ्यात डोळे न उघडताच तिनं विचारलं, "बाबा, आप इधर ही हो ना?"

"हौ," महागू म्हणाला. "इधर ही हूँ. तू सो जा."